दरपत्रकाचं रसग्रहण

मराठीत रसग्रहणाला तोटा नाही. कवितेचं होतं, कथेचं होतं, नाट्यपदांचं होतं. शाळेत असताना आम्ही परीक्षेच्या धसक्यानं चार ओळींच्या कवितेत इतका अर्थ शोधून दाखवायचो, की खुद्द कवीनं तो वाचला असता तर घाबरून लिहिणं सोडलं असतं. पण आजचा मराठी माणूस जो मजकूर सगळ्यांत मन लावून वाचतो, चष्मा पुसून, ओळीखाली बोट ठेवून, मधूनच कपाळाला आठी घालून वाचतो, त्याकडे एकाही समीक्षकाचं लक्ष गेलेलं नाही. हा मजकूर म्हणजे टीव्हीचं दरपत्रक. कादंबरी न वाचता तिच्यावर परिसंवादात तासभर बोलणारे विद्वान मी पाहिले आहेत. दरपत्रक न वाचता त्यावर बोलणारा मात्र कुणी भेटत नाही. वाचकाला इतकं खिळवून ठेवणारं दुसरं वाङ्मय आज मराठीत नाही. आणि नवकविता सोडली तर इतकं न कळणारंही नाही.

तेव्हा हे काम आपणच अंगावर घ्यावं असं ठरवलं.

रसग्रहण म्हटलं की आधी परंपरा सांगावी लागते. पैसे मोजून टीव्ही पाहायची परंपरा वाटते तितकी नवी नाही. रेडिओला जसं लायसन्स लागे तसं टीव्हीलाही लागे, आणि पोस्टात रांगेत उभं राहून ते नवं करून घ्यावं लागे. १९८५ साली सरकारनं ही लायसन्सं रद्द केली आणि पुढची सहा-सात वर्षं आपण टीव्ही अक्षरशः फुकट पाहिला. १९८७ मध्ये रामायण फुकट पाहिलं, १९८८ पासून महाभारत फुकट पाहिलं. ज्या देशात दोन-दोन महाकाव्यं लागोपाठ फुकट दाखवली गेली, तिथल्या लोकांना फुकटाची सवय लागली तर त्याचा जाब वाल्मीकी आणि व्यासांना विचारायला हवा.

मग १९९१ मध्ये आखाती युद्ध झालं, स्टार टीव्ही आला, १९९२ च्या गांधीजयंतीला झी टीव्ही सुरू झाला आणि बघता बघता कोल्हापुरात केबल आली. ती उपग्रहावरून येते असं सगळे सांगायचे. आम्ही पाहिली ती मात्र शेजारच्या गच्चीवरून आली. पत्र्यावरून, नळाच्या पाइपाला विळखा घालून, पेरूच्या झाडाला एक गाठ मारून, खिडकीचा कोपरा फोडून ती घरात शिरली. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर होता; पण लाईन गेली की दोष त्या पेरूच्या झाडाचाच निघायचा.

त्या काळातलं दरपत्रक मौखिक होतं. ते केबलवाल्या पोराच्या तोंडी असे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो बगलेत वही मारून यायचा, दारातच चपला काढायचा आणि मग पारायण सुरू व्हायचं.

"किती झाले रे?"

"दीडशे, काका."

"गेल्या महिन्यात सव्वाशे होते."

"गेल्या महिन्यात चॅनेल बी कमी हुते की."

"आणि चार दिवस लाईन बंद होती, ते?"

"मग वीस कमी द्या. त्यात काय एवढं!"

वाङ्मयाच्या इतिहासात या दरपत्रकाला फार मोठं स्थान द्यायला हवं. कारण ग्राहकालाही ज्यात वाक्यं होती असं हे शेवटचं दरपत्रक. त्यानंतरच्या सगळ्या दरपत्रकांत आपल्याला बोलायचं काम नाही. फक्त 'मी सहमत आहे' या चौकोनात खूण करायची.

केबलवाला साधू होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. पावसाळ्यात पडद्यावर मुंग्या यायच्या. त्याचा स्वतःचा एक चॅनेल असे, त्यावर ऐन रहस्यभेदाच्या वेळी महाद्वार रोडच्या साडीच्या दुकानाची जाहिरात खालून सरकायची आणि खुनी कोण हे पदराच्या काठाआड जायचं. हिशेबाच्या बाबतीत तर देशभर एकच तऱ्हा होती. चार हजार घरांत जोडणी दिलेला माणूस वर कळवताना चारशे घरं कळवायचा. वाहिन्या काढणाऱ्या कंपन्यांचं यात नुकसान व्हायचं, सरकारचा करमणूक कर बुडायचा. घराघरात सेट टॉप बॉक्स आला तो मुख्यतः ही चोरी मोजायला, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. कोण किती बघतो हे कुणाला तरी कळायला हवंच होतं. फक्त तेवढं कारण सांगून मोकळं व्हायचं होतं. त्याऐवजी प्रत्येक वेळी आम्हाला सांगण्यात आलं, की हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय. यापुढे 'जे पाहाल त्याचेच पैसे द्याल.'

हे वाक्य या वाङ्मयाचं ध्रुवपद आहे. २००७ मध्ये मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या काही भागांत बॉक्सची सक्ती झाली, तेव्हा ते पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं गेलं. तेव्हा पैशाच्या वाहिनीला पाच रुपये असा दर बांधून दिला होता. मग २०१२ मध्ये चार महानगरं, २०१३ मध्ये अडतीस मोठी शहरं, त्यानंतर उरलेली शहरं आणि २०१७ च्या मार्चपर्यंत खेडीपाडी, असे बॉक्सचे चार टप्पे झाले. आमचा नंबर तिसऱ्या टप्प्यात लागला. मुंबईला जे आधी येतं ते कोल्हापूरला मागाहून येतं, याबद्दल आमची तक्रार नसते. तोवर मुंबईकरांनी सगळ्या शिव्या शोधून ठेवलेल्या असतात, आम्हाला त्या तयार मिळतात. पुढं त्यात आम्ही आमची भर घालतो.

पण दरपत्रकाला खरं वाङ्मयीन रूप आलं ते १ फेब्रुवारी २०१९ ला. त्या दिवसापासून ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, प्रत्येक वाहिनीची किंमत छापून जाहीर करायला लावली आणि सांगितलं, निवडा आता हवी ती. जानेवारीभर कोल्हापुरात दुसरा विषय नव्हता. मिसळीच्या हॉटेलात कटाची वाटी बाजूला सारून लोक फॉर्मवर खुणा करत होते. आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तर, ज्यांनी तीस वर्षं दहावीला गणित शिकवलं, ते तो फॉर्म घेऊन दोन दिवस ओसरीवर बसले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे गणित नव्हे. भूमितीत निदान 'पक्ष' आणि 'साध्य' वेगळं लिहितात."

आता मूळ संहितेकडे वळू. सुरुवातीलाच नांदी आहे : नेटवर्क कपॅसिटी फी, एकशे तीस रुपये, शंभर वाहिन्यांपर्यंत. वर अठरा टक्के जीएसटी. झाले एकशे त्रेपन्न रुपये चाळीस पैसे. हे पैसे कशाचे? वाहिनीचे नव्हेत. वाहिनी यायच्या वाटेचे. म्हणजे पन्हाळ्याला जाताना नाक्यावर पावती फाडावी तशी ही पावती, गड पाहायचे पैसे निराळे. त्या शंभरात दूरदर्शनच्या निरनिराळ्या भाषांतल्या पंचवीसेक वाहिन्या सक्तीच्या होत्या आणि एचडी वाहिनी घेतली तर एकीच्या दोन धरायच्या होत्या. लठ्ठ माणसाला एसटीत दोन तिकिटं पडत नाहीत, पण इथे पडतात.

आमच्या आत्या त्या वेळी बहात्तर वर्षांच्या. मंगळवार पेठेत एकट्या राहतात. मुलगा पुण्यात. त्यांच्याकडे फॉर्म घेऊन केबलचा पोरगा आला तेव्हा मी तिथेच होतो.

"मावशी, काय काय बघतासा तेवढं सांगा, मी टिक करतो."

"मला बाबा राणादा लागतो. बाकीचं तू घरी न्हे."

राणादा म्हणजे झी मराठीवरच्या 'तुझ्यात जीव रंगला' मधला पैलवान. झी मराठीची किंमत होती एकोणीस रुपये, करासकट बावीस रुपये बेचाळीस पैसे. पण नुसती ती वाहिनी मिळत नव्हती. आधी वाटेची पावती फाडायची. म्हणजे 'जे पाहाल त्याचेच पैसे द्या' या तत्त्वानुसार आत्यांचा अर्धा तासाचा राणादा महिन्याला एकशे पंचाहत्तर रुपये ब्याऐंशी पैशांना पडला. मास्तरांनी हा हिशेब दोनदा तपासला. त्याआधी सगळ्या वाहिन्यांसकट त्या किती देत होत्या? दोनशे. म्हणजे चोवीस रुपये वाचवायचे तर उरलेल्या सगळ्या वाहिन्यांवर पाणी सोडायचं.

यातली खरी गंमत कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला कळायची नाही. ही मालिका २०१६ ते २०२१ चालली आणि तिचं चित्रीकरण इथल्या वसगडे गावात होत होतं. तो वाडा पाहायला रविवारी माणसांची जत्रा लोटायची. जीपगाड्या भरून लोक यायचे, दारात उभं राहून फोटो काढायचे. म्हणजे वाडा बघायला फुकट, वाड्याची सावली बघायला एकोणीस रुपये. बोली आमची, तांबडी माती आमची, तालीम आमची, 'चालतंय की' म्हणायची पद्धत आमची. हे सगळं इथून मुंबईला गेलं, तिथून आकाशात गेलं आणि आमच्याच पत्र्यावर उतरताना त्याला दर लागला. या गावानं पूर्वीही असंच केलं आहे म्हणा. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथे काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. मग प्रभातचे बोलपट कोल्हापूरकरांनी तिकीट काढून पाहिले. पण त्या तिकिटात निदान खुर्ची मिळायची, पंखा मिळायचा आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचे शेंगदाणे.

एकोणीसचं रहस्य सांगायचं राहिलं. हा आकडा कुण्या ज्योतिषानं काढलेला नाही. नियम असा होता, की एकोणीस रुपयांपेक्षा महाग वाहिनी एकत्रित पॅकमध्ये घालता येणार नाही. झालं! ज्या ज्या वाहिनीला आपण मोठं आहोत असं वाटत होतं, ती ती बरोबर एकोणीसवर येऊन उभी राहिली. पूर्वी बाटाच्या चपलांची किंमत अशी असायची. फरक इतकाच, की चप्पल पायात घालून दुकानात चार पावलं चालून बघता यायचं.

आणि हा एकत्रित पॅक म्हणजे बुके. मूळ इंग्रजी संहितेत हाच शब्द आहे. कोल्हापुरात बुके म्हटलं की सत्कार आठवतो. दोन जरबेरा, बाकी सगळा पालापाचोळा, आणि बाहेरून चकचकीत कागद. हाही अगदी तसाच. दोन वाहिन्या बघायच्या, भोवती सात-आठ पाला. सुटी फुलं घेतली तर महाग, अख्खा गुच्छ स्वस्त. काही गुच्छांवरची सूट सत्तर टक्क्यांपर्यंत गेली, असं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्रायनंच आपल्या कागदात नमूद केलं. एवढी सूट म्हटल्यावर कोण सुटं घेणार? महिन्याभरात बहुतेकांनी निवडीचं स्वातंत्र्य पालापाचोळ्यासकट परत केलं. लग्नपत्रिकेत 'कृपया आहेर व पुष्पगुच्छ आणू नयेत' अशी तळटीप घालता येते. दरपत्रकात ती सोय नाही.

पुढच्या आवृत्त्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या मूळ आवृत्तीइतक्या रंगल्या नाहीत. २०२० च्या आवृत्तीत तेवढ्याच एकशे तीस रुपयांत शंभराऐवजी दोनशे वाहिन्या द्यायच्या ठरल्या. आत्यांच्या वाट्याला आणखी शंभर न बघायच्या वाहिन्या आल्या. एकोणीसचे बारा करायचे ठरले, ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात बाराचे पुन्हा एकोणीस झाले. २०२४ च्या जुलैत तर एकशे तीसचं बंधनच उठलं. आता वाटेची पावती केवढ्याची हे वाटवाला ठरवतो.

त्या २०२० मधली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. करोनामुळे राज्यातली देवळं बंद होती. जोतिबाच्या डोंगरावर चिटपाखरू नव्हतं. आणि २३ ऑक्टोबरला, ऐन नवरात्रात, स्टार प्रवाहवर 'दख्खनचा राजा जोतिबा' सुरू झाली. चित्रीकरण इथल्याच चित्रनगरीतलं. देवळं उघडली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. म्हणजे मधले तीनेक आठवडे डोंगरावरचा जोतिबा कुलुपात आणि पडद्यावरचा पॅकमध्ये. आत्या मालिका लागताना पदर डोक्यावर घ्यायच्या. जाहिराती लागल्या की खाली. मी मालिकेची चेष्टा करायला तोंड उघडलं होतं, तो पदर पाहून मिटलं. टीव्ही ही करमणूक आहे आणि करमणूक परवडत नसेल तर सोडावी, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते बहुधा एकटे राहत नाहीत.

२०२३ च्या फेब्रुवारीत याचं प्रत्यंतर आलं. नव्या दरांचे करार केबलवाल्यांच्या मोठ्या कंपन्यांनी केले नाहीत म्हणून बड्या वाहिन्यांनी आपली प्रक्षेपणं बंद केली. केबलवाल्यांच्या संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे देशातल्या साडेचार कोटी घरांत त्या वाहिन्या दिसेनात. कोट्यवधींचा वाद, दिल्लीतले वकील, दोन्हीकडून पत्रकं. इकडे आत्यांच्या पडद्यावर नुसती एक पट्टी. त्यांचं सगळं घड्याळ त्या पडद्यावर चालायचं. सातच्या मालिकेच्या आधी दिवा, साडेसातच्या जाहिरातीत रक्तदाबाची गोळी, साडेआठला भाकरी. पट्टीला कसलं सात आणि कसलं साडेसात? तिसऱ्या दिवशी गेलो तर गोळ्यांच्या पाकिटात दोन गोळ्या जास्त निघाल्या. दरपत्रकाच्या कुठल्याही स्तंभात या दोन गोळ्यांची जागा नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं रामायण कशाला? मोबाइल आहे, ॲप आहे, घ्या की हवं ते! लोकांनी घेतलंच. पैशाच्या छत्र्यांची घरं २०२१ मध्ये देशात सात कोटींच्या आसपास होती, २०२५ मध्ये ती पावणेसहा कोटींच्या आत आली. छत्र्या गच्चीवर आहेत तशाच आहेत. आमच्याकडे एकीत कबुतरीण बसते.

तेव्हा नव्या दरपत्रकांचंही रसग्रहण करू. यांचा बाज वेगळा. भाषा गोड, अक्षर मोठं, किंमत अधलीमधली, आणि तिच्या डोक्यावर एक इवलीशी चांदणी. नेटफ्लिक्स २०१६ च्या जानेवारीत पाचशे रुपयांपासून आलं. पुढं फक्त मोबाइलवर पाहण्याचा दर काढला आणि २०२१ च्या डिसेंबरात तो एकशे एकोणपन्नास केला. एक माणूस, एक फोन. टीव्ही उघडला तर पहिलाच प्रश्न : 'कोण पाहतंय?' खाली चौकोन. बापाचा निराळा, आईचा निराळा, पोरांचा निराळा. आम्ही घरातली सहा आणि शेजारची दोन अशी आठ माणसं ताटं घेऊन बसलेलो, आणि हा विचारतो कोण पाहतंय! 'सगळेच' असा चौकोन कंपनीनं दिलेला नाही. ज्या गावात कुस्ती बघायला खासबागेचं मैदान बांधलं, तिथल्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे जत्रेत जाऊन पाळणेवाल्यानं एकेकाची पत्रिका मागण्यासारखं आहे.

पण त्याहून मोठी पंचाईत २०२३ च्या जुलैत झाली. एक खातं एकाच घरासाठी, असं कंपनीनं भारतातल्या ग्राहकांना कळवलं. घर म्हणजे एका छपराखाली राहणारी माणसं. आता कोल्हापुरात घर कशाला म्हणायचं, याची व्याख्या अजून दिवाणी कोर्टालाही जमलेली नाही. थोरला हिंजवडीत, धाकटा बंगळूरला, मुलगी इचलकरंजीला दिलेली, चुलते कसबा बावड्यात. सात-बाऱ्यावर सतरा नावं एकत्र, आणि पासवर्ड मात्र एका छपरापुरता! माझ्या माहितीत दोन सख्खे भाऊ आहेत. बांधाच्या भांडणावरून दहा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण थोरल्याच्या पोरानं लावलेल्या पासवर्डवर दोन्ही घरं गुण्यागोविंदानं नांदत होती. धाकटा सकाळी बघायचा कुठपर्यंत बघून झालंय, आणि मनातल्या मनात म्हणायचा, दादा काल लवकर झोपला वाटतं. एवढाच काय तो संबंध उरला होता. कंपनीनं त्यांची वाटणी करून दिली. तहसीलदाराला जे दहा वर्षांत जमलं नाही ते एका ईमेलनं झालं.

ॲमेझॉनच्या दरपत्रकात वेगळा रस आहे. वर्षाचे पैसे घेऊन झाल्यावर १७ जून २०२५ पासून त्यांनी मध्ये जाहिराती घातल्या, आणि त्या नको असतील तर महिन्याला आणखी एकशे एकोणतीस. आमच्याकडे मिसळीचे पैसे देऊन झाल्यावर मालकानं शेजारी पिपाणीवाला आणून बसवला आणि म्हणाला, 'वाजवायचा थांबवायचा असेल तर वीस रुपये जादा,' तर त्या हॉटेलचं दुसऱ्या दिवशी काय झालं असतं ते सांगायला नको.

फुकटाचाही एक दर असतो. आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क २०२२ मध्ये अठ्ठेचाळीस हजार तीनशे नव्वद कोटींना विकले गेले. टीव्हीचे एकाला, मोबाइलचे दुसऱ्याला. दुसऱ्यानं २०२३ चा सगळा मोसम जिओसिनेमावर फुकट दाखवला. एवढे कोटी मोजून कुणी फुकट वाढायला लागला की कारणाशिवाय पेढे घेऊन आलेल्या पाहुण्यासारखं वाटतं : हा आता काहीतरी मागणार. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते दोघे एक झाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार निघालं, आणि त्या वर्षीची आयपीएल काही मिनिटं फुकट दिसून मग पैसे मागू लागली. गंगावेशीच्या कट्ट्यावर रात्री म्हैस समोर पिळतात आणि फेसाचा ग्लास हातात देतात. ग्लासाचा दर आधी ठरलेला, दूध डोळ्यांसमोर. 'पहिल्या चार धारा मोफत, पाचवीपासून वर्गणी' असं त्या म्हशीला अजून कुणी शिकवलेलं नाही.

फुटबॉलबद्दल न लिहिता कोल्हापुरातला लेख संपवला तर मला पाटाकडील आणि खंडोबा दोन्हीकडचे लोक भेटायला येतील. २०२२ चा वर्ल्ड कप फोनवर फुकट होता, आणि टीव्हीवर पैशाच्या वाहिनीला. १८ डिसेंबरची फायनल. गल्लीत दोन-तीन घरांत केबल, दोन घरांत छत्री, बाकी सगळी पोरं फोनवर. आता फोनवरचं चित्र टीव्हीच्या मागून येतं, कधी अर्ध्या मिनिटानं, कधी जास्तच. पूर्वी गल्लीत गोल एकदाच व्हायचा. त्या रात्री एम्बापेनं सत्त्याण्णव सेकंदांत दोन गोल मारले, आणि आम्हाला ते सात-आठ ऐकू आले. आधी केबलच्या घरातून 'अरारारा', मग छत्रीच्या घरातून, मग एकेका फोनमधून, नेटच्या ऐपतीप्रमाणे. पहिल्या घरातली माणसं डोकं धरून बसलेली असताना तिसऱ्या घरातली पोरं अजून 'मेस्सी, मेस्सी' करत होती. त्यांना आपलं काय झालंय ते कळायचं होतं. पेनल्टीच्या वेळी शेवटी मास्तर उठले, केबलच्या घरातला टीव्ही ओढून दारात आणायला लावला आणि फोनवाल्या सगळ्या पोरांना ओरडून सांगितलं, "बंद करा रे ते, आणि इकडं या!" शेवटची पेनल्टी आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी पाहिली. मालकाला महिन्याला किती पडतात ते कुणी विचारलं नाही. त्यानं सगळ्यांना चहासुद्धा दिला.

केबलचा तो पोरगा आता पोरगा राहिलेला नाही. टक्कल पडलंय, आणि खांद्यावर केबलच्या वेटोळ्याऐवजी फायबरचं वेटोळं असतं. आत्यांचा रिचार्ज मुलगा पुण्याहून फोनवर करतो. तरीही पहिल्या आठवड्यात त्या साखरेच्या डब्याखाली पैसे काढून ठेवतात. परवा शिडी घेऊन तो गल्लीतून चालला होता, त्याला त्यांनी हाक मारली.

"आता पैसे माझ्याकडं द्यायचे न्हाईत, मावशी. ते वरच्यावर कटत्यात."

"पैशासाठी कोण बोलावतंय तुला? चहा टाकलाय. आणि पोरानं हा नवीन रिमोट धाडलाय, त्यात आवाज कमी करायचं बटण कुठं असतं तेवढं दाखव."

त्यानं चपला काढल्या, चष्मा लावला, रिमोट उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "ह्याला बोलायचं असतंय, मावशी."

"काय बोलायचं?"

"आवाज कमी कर म्हणायचं."

आत्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बावीस वर्षं तुलाच सांगत आले," त्या म्हणाल्या, "तूच सांग त्याला."